भट्टीतलं आइस्क्रीम घरचंच बरं

बेक्ड अलास्काचं नाव काढलं की दोनच तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतात. ज्यांनी हे पक्वान्न कधी पाहिलेलं नाही त्यांना ती चक्क थाप वाटते. केकच्या चकतीवर आइस्क्रीम ठेवायचं, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा आणि साखरेचा घट्ट फेस, म्हणजे मेरँग, जाडसर थापायचा आणि तो सगळा डोलारा 230 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सरकवायचा. चार मिनिटांनी बाहेर काढावं तर वरचा फेस खरपूस तांबूस आणि आतलं आइस्क्रीम जसंच्या तसं. हे खरं कसं असेल? ज्यांनी ते खाल्लेलं असतं त्यांनी बहुधा एखाद्या मोठ्या हॉटेलात खाल्लेलं असतं. दिवे मंद केलेले, वर ब्रँडी पेटवलेली, वेटर ते मिरवत आणतोय. साहजिकच हे शेफचं काम, आपल्या ओट्यावर कुठलं व्हायला, अशी त्यांची समजूत होते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मुळात हे घरगुती पक्वान्न व्हायच्या लायकीचं आहे आणि हॉटेलापेक्षा घरी ते जास्त चांगलं होऊ शकतं. त्याला हातचलाखी लागत नाही. काय कशामुळे होतं ते समजून घ्यावं लागतं आणि घाई टाळावी लागते, एवढंच.

आधी ती थाप नाही हे पाहू. मेरँग म्हणजे जवळपास सगळी हवाच. पांढऱ्या बलकात सुमारे 90 टक्के पाणी आणि 10 टक्के प्रथिनं असतात. फेटताना प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती त्यांचं जाळं तयार होतं आणि मूळ बलक सहा ते आठ पट फुगतो. पाणी जितकी उष्णता वाहून नेतं त्याच्या पंचविसाव्या भागाइतकीच हवा नेते, आणि ती हवा बुडबुड्यांत कोंडलेली असल्यामुळे इकडून तिकडे फिरूही शकत नाही. गोधडीची ऊब जशी कापडापेक्षा थरांत अडकलेल्या हवेची असते तसाच हा प्रकार, फक्त इथे ती थंडावा राखते. खालून ओव्हनच्या तापलेल्या ट्रेची धग येते, ती केक अडवतो, कारण स्पंज केकही हवेनंच भरलेला असतो. एवढं पार करून थोडी उष्णता आत पोचलीच तरी आइस्क्रीम लगेच हार मानत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अप्रकट उष्मा शिकवतात. एक ग्रॅम बर्फाचं तेवढंच पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात, म्हणजे तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवायला लागावी इतकी उष्णता, आणि तोवर तापमान अंशभरही वाढत नाही. चार मिनिटांत एवढं सगळं साधणं ओव्हनला जमत नाही. मुलं हा धडा परीक्षेपुरता पाठ करतात. तो खाऊन समजण्याची सोय क्वचितच असते, ती इथे आहे.

कोंडलेल्या हवेचं हे मर्म ज्यानं पद्धतशीर प्रयोगांनी दाखवलं तो बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रम्फर्ड. पिसं, लोकर, फर यांतली अडकलेली हवाच उष्णता रोखते, हे त्यानं मांडलं. उष्णतेवरच्या कामासाठी त्याला 1792 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. बेक्ड अलास्काचा जनक म्हणून त्याचं नाव हौसेनं घेतलं जातं, पण पदार्थ त्यानं केल्याचा भक्कम पुरावा नाही. तत्त्व त्याचं, एवढंच म्हणावं. गंमत पुढे आहे. 1799 मध्ये रम्फर्डच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच 1969 साली निकोलस कर्टी या ऑक्सफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञानं स्वयंपाकघरातल्या भौतिकीवर व्याख्यान दिलं. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानावर संशोधन करणारा हा माणूस. त्यानं व्यासपीठावर अलास्का उलटा करून दाखवला, म्हणजे बाहेर गार आणि आत गरम. मायक्रोवेव्ह लहरी गोठलेल्या बर्फाला फारशा तापवत नाहीत, द्रव पदार्थाला मात्र झटकन तापवतात, या फरकावर तो प्रयोग बेतलेला होता. हॉटेलात जे जादू म्हणून विकलं जातं ते शास्त्रज्ञांनी उघड्यावर, कारणांसकट दाखवून ठेवलेलं आहे.

हॉटेलांचा यावरचा हक्क मात्र जुना आहे. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज या रेस्तराँमध्ये ते प्रसिद्ध झालं. 1867 मध्ये अमेरिकेनं रशियाकडून 72 लाख डॉलरला अलास्का विकत घेतला, त्या गाजावाजातून हे नाव पडलं असं सांगतात. तिथला शेफ चार्ल्स रॅनहोफर यानं 1894 च्या आपल्या भल्या थोरल्या ग्रंथात कृती दिली, तिचं नाव ‘अलास्का, फ्लोरिडा’, थंडी आणि ऊन एकाच ताटलीत. त्यात केळ्याचं आणि व्हॅनिलाचं आइस्क्रीम होतं, खाली पोकळ केलेल्या बिस्किट-केकमध्ये जर्दाळूचा मुरंबा. त्याआधी जॉर्ज ऑगस्टस साला हा इंग्रज पत्रकार तिथे जेवला होता; त्यानं वरचं आवरण फेटलेल्या सायीचं असल्याचं लिहून टाकलं. साय त्या ओव्हनमध्ये वितळून वाहून गेली असती. थोडक्यात, आपण काय खाल्लं हे न कळलेलं गिऱ्हाईक या पदार्थाच्या इतिहासात सुरुवातीपासूनच आहे.

माझ्या बाजूचा खरा पुरावा मात्र दुसऱ्या पुस्तकात आहे. फॅनी फार्मर या बॉस्टनच्या पाककला-शाळेच्या मुख्याध्यापिका. चमचा शीग न ठेवता सपाट भरून मोजायचा, ही शिस्त अमेरिकी घरांत त्यांनी रुजवली. 1896 मध्ये पहिल्यांदा निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत बेक्ड अलास्का आहे, तो अगदी चार ओळींत. लाकडी फळीवर कागद पसरा, त्यावर केक, त्यावर आइस्क्रीमची वीट, सगळीकडून मेरँग, आणि कडक ओव्हनमध्ये झटपट तांबूस करा. पुढे त्या एका वाक्यात कारणही सांगून टाकतात की फळी, कागद, केक आणि मेरँग हे सगळे उष्णतेचे दुर्वाहक आहेत. ब्रँडी नाही, ज्वाळा नाही, टाळ्या नाहीत. रोजच्या घर चालवणाऱ्या बायकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हा पदार्थ इतक्या सहजपणे येतो, यावरून त्याची जागा कुठली ते समजावं. ती फळी आजही कामाची आहे. घरातला साधा लाकडी पोळपाट कागद घालून वापरला तरी चालेल, फक्त त्याला सनमायका किंवा रंग नसावा.

‘मग फसतो का?’ हा पहिला आक्षेप. फसतो, पण ओव्हनमुळे नव्हे. 2014 च्या ऑगस्टमध्ये बीबीसीच्या ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या स्पर्धेत एका स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीजरबाहेर राहिलं, पातळ झालं आणि चिडून त्यानं सगळा अलास्का कचऱ्याच्या डब्यात टाकला. ब्रिटनभर त्यावरून वादंग झाला. कोणी कुणाचा डबा बाहेर काढला यावर लोक भांडले. मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. उन्हाळ्याच्या दिवशी, घड्याळ लावून, काही तासांत आइस्क्रीम करून गोठवून भाजायला लावणं हीच चूक होती. तो अलास्का ओव्हनपर्यंत पोचायच्या आधीच मेला होता. स्पर्धेला वेळेचं बंधन असतं आणि हॉटेललाही असतं, कारण एका वेळी पन्नास ताटल्या जायच्या असतात आणि स्वयंपाकघरापासून टेबलापर्यंतची वाटही लांब असते. घरात केक परवा करता येतो, आइस्क्रीम काल, मेरँग आज दुपारी थापून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवता येतं. भरपूर साखर असल्यामुळे मेरँग दगडासारखं गोठत नाही. पाहुणे जेवत असताना ओव्हन तापवायचा, आणि शेवटचं काम पाच मिनिटांचं. मागचं आवरून ठेवून गप्पांत येऊन बसता येईल असं दुसरं मेजवानीचं पक्वान्न पटकन सुचत नाही. जिलबी करणारी व्यक्ती पंगतीभर कढईपाशीच असते.

खरी अडचण फ्रीजरची आहे आणि ती कबूल केली पाहिजे. आपल्याकडच्या एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे 18 अंशांपर्यंत जाईलच असं नाही. मे महिन्यात, दार दर दहा मिनिटांनी उघडलं जात असताना तर नाहीच. अशा कप्प्यात कंडेन्स्ड मिल्क आणि फेटलेली साय एकत्र करून केलेलं आइस्क्रीम मऊच राहतं, कारण जास्त साखर गोठणबिंदू खाली नेते. त्याला घट्ट करायची एक जुनी तोड आपल्या घरांत होतीच. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि आळीपाळीनं दांडा फिरवणारी मुलं. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं, म्हणजे साध्या फ्रीजच्या कप्प्यापेक्षा गार. हा पॉट अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन यांच्या 1843 च्या पेटंटचा वारसदार. आपण तो इतका आपलासा केला की आंब्याच्या आइस्क्रीमची आठवणच त्याच्याशी जोडली गेली. पॉट आता माळ्यावर गेला असेल तर दुसरा उपाय कुल्फीचा. दूध आटवलेलं, हवा जवळपास नाही, त्यामुळे ती घट्ट असते आणि सावकाश वितळते. अलास्काच्या पोटात आंब्याची किंवा केशराची कुल्फी घालणं ही तडजोड मानू नये. मला तर व्हॅनिलापेक्षा तीच योग्य वाटते. मात्र बाजारचं काही आणायचं असेल तर डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ हे वाचावं. पहिल्यात नियमाप्रमाणे किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, दुसऱ्यात वनस्पती तेलावर भागवता येतं, आणि जिभेला तो फरक कळतो.

अंड्यांचा हिशेब घरीच नीट बसतो, हा माझ्या मते सगळ्यात बिनतोड मुद्दा. मेरँगला फक्त पांढरं लागतं. मग पिवळं कुठं जातं? पोर्तुगालच्या मठांत म्हणे पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं आणि उरलेल्या पिवळ्या बलकांच्या मिठाया व्हायच्या. गोव्याची बेबिंका त्याच पिवळ्या बलकांच्या घराण्यातली. अलास्कात मात्र अंडं अख्खं खपतं. चार अंडी फोडून वेगळी केली की पिवळे बलक अर्धा लिटर दूध, 200 मिली साधं फ्रेश क्रीम आणि 120 ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर घोटायचे. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि त्यावर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की उतरवायचं; ते साधारण 80 अंशांना होतं, 85 च्या पुढे गेलं की अंडं फाटून कणी होते. हे गार करून पसरट डब्यात गोठवायचं आणि अर्धवट गोठलेलं असताना दोन-तीनदा मिक्सरमधून काढायचं. वनस्पती तेलाचं ते ‘व्हिपिंग क्रीम’ आणायची गरजच पडत नाही. उरलेल्या चार पांढऱ्या बलकांत 200 ग्रॅम बारीक साखर, म्हणजे वरचं मेरँग. एकाच अंड्याचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर.

कच्च्या अंड्याची भीती मात्र खरी आहे आणि बऱ्याच कृती ती झाकून टाकतात. ओव्हनची चार मिनिटं मेरँगचा वरचा पापुद्रा भाजतात. आइस्क्रीमला टेकलेला आतला थर गारच राहतो, राहायलाच हवा. म्हणजे नुसतं बलक आणि साखर फेटून लावलं असेल तर आपण कच्चंच अंडं खातो, आणि साल्मोनेलाला त्यात अडथळा नाही. ब्रँडीच्या दोन मिनिटांच्या ज्वाळेनंही तो जात नाही. उपाय सोपा आहे, तो स्विस पद्धतीचा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून त्यात बलक आणि साखर सतत ढवळायची, 71 अंश होईपर्यंत; त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावाच, अंदाजानं काम नको. मग उतरवून त्यात थोडा लिंबाचा रस घालून वाडगा बाहेरून गार लागेपर्यंत बीटरनं फेटायचं. आधी मोठे साबणासारखे बुडबुडे येतात, मग पांढरं होतं, मग बीटरच्या आऱ्यांच्या खुणा फेसात उमटून तशाच राहतात. बीटर उलटा धरला की टोक उभं राहून जरासं वाकतं आणि फेसाला सॅटिनसारखी चकाकी येते. चिमूटभर दोन बोटांत चोळून पाहावी, साखर रवाळ लागता कामा नये. वाडग्याला तुपाचा हात लागलेला असेल किंवा पिवळ्याचा थेंब पडला असेल तर हे काही व्हायचं नाही, कारण स्निग्धांश प्रथिनांचं जाळं धरू देत नाही. थर किमान दोन बोटं जाड हवा आणि खाली फळीला चिकटेपर्यंत आणायचा. कुठे फट राहिली तर गरम हवा तिथूनच शिरते. छोट्या ओटीजीमध्ये वरचा रॉड आणि फेसाचं टोक यांत अंतर किती उरतं ते ओव्हन थंड असतानाच मोजून घ्यावं.

अंडं न खाणाऱ्यांचं काय, हा महाराष्ट्रात हमखास येणारा प्रश्न, आणि तो रास्त आहे. 2014-15 च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी दाखवून दिलं की काबुली चणे शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं. छोल्यांचं ते पाणी बलकाइतकं दाट होईपर्यंत आटवून, गार करून, साखर घालत दहाएक मिनिटं फेटलं की शिगोशीग फेस येतो आणि चण्याचा वास जवळपास उरत नाही. तो अंड्याच्या मेरँगपेक्षा उष्णतेला नाजूक असतो, त्यामुळे ओव्हनऐवजी किचन टॉर्चनं भाजणं बरं. ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांनाही टॉर्च चालेल. ओव्हन असताना टॉर्च वापरणं मात्र मला पटत नाही. टॉर्चनं शेंडे जळतात आणि खोबणी पांढऱ्याच राहतात. ओव्हनमध्ये सगळीकडून सारखा रंग येतो आणि वर कागदाएवढा कुरकुरीत पापुद्रा धरतो. शिवाय ज्याच्या नावातच भाजणं आहे तो पदार्थ ओव्हनला न दाखवणं म्हणजे वाढदिवस न जेवता साजरा करणं.

मेरँगची इतर पक्वान्नंही आहेत. अ‍ॅना पाव्हलोव्हा या नर्तकीच्या नावाचा पाव्हलोवा, ज्याच्या मालकीवरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून हुज्जत घालतात, किंवा कुरकुरीत मेरँगच्या चकत्यांमध्ये आइस्क्रीम भरलेला फ्रेंच व्हाशराँ. ते घरी का करू नयेत? करावेत, पण नागपूरला, फेब्रुवारीत. दोन्हींचं मेरँग तासन्‌तास मंद ओव्हनमध्ये वाळवावं लागतं, आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबईच्या, रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या हवेत ते बाहेर काढल्यावर पाहता पाहता चिकट होतं. अलास्काचं मेरँग मुळात मऊच असायचं असतं आणि ओव्हनमधून निघाल्या निघाल्या संपतं, त्यामुळे दमट हवा त्याचं काही बिघडवू शकत नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यानं या तिघांत एकच शिकायचं तर कुठलं, यात मला तरी शंका नाही.

राहिली साखर. इथे बचाव करण्यासारखं फारसं नाही. आठ जणांत वाटलं तर मेरँगमधूनच प्रत्येकी 25 ग्रॅम साखर पोटात जाते, वर आइस्क्रीमची आणि केकची वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली दिवसाची मर्यादा, दोन हजार कॅलरींच्या आहारात सुमारे 50 ग्रॅम, तिथेच संपत येते. मेरँगमधली साखर कमी करण्यात अर्थ नाही, कारण ती नुसती गोडीसाठी नसते, फेस तीच उभा धरते. कमी केली तर पाणी सुटतं. करता येण्यासारखं आहे ते आतल्या बाजूला. रॅनहोफरनं जर्दाळूचा आंबटपणा उगाच घातला नव्हता. केकवर कोकमाचं घट्ट आगळ शिंपडावं, किंवा कुल्फीच्या मध्ये जांभळाचा गोठवलेला गर घालावा, गोडाला धार येते आणि छोटा तुकडा पुरतो. आठऐवजी बारा तुकडे पाडावेत. सुरी प्रत्येक कापाआधी गरम पाण्यात बुडवून पुसली तर बारीक तुकडेही स्वच्छ निघतात, नाहीतर मेरँग सुरीला चिकटून ओढलं जातं. उरलेला भाग झाकून परत फ्रीजरमध्ये ठेवता येतो. दुसऱ्या दिवशी मेरँगला थोडं पाणी सुटतं आणि पापुद्रा मऊ पडतो, चव मात्र जात नाही.